पदराच्या गाठीतली शीळ

मित्रांनो, तीन दिवस माझी पूजा झाली. मला कुंकू लागलं, माझ्यावर जास्वंदीचं फूल वाहिलं गेलं, उदबत्ती ओवाळली गेली. आणि त्याच तीन दिवसांत तिकडे माझा धनी दवाखान्याच्या खाटेवरून आपल्या जित्याजागत्या बायकोच्या मयतीला जायला निघाला होता. हे आठवलं की मी आजही सुन्न होते. एवढी सुन्न, की ऐकणं हेच जिचं काम, तिला क्षणभर काही ऐकू येऊ नये.

मी एक कानाची मशीन आहे. काजूएवढी, कातडीच्या रंगाची, कडेला थोडी घासलेली. माझ्या पोटातल्या बारीक तारा कोणत्या कारखान्यात जुळल्या ते मला ठाऊक नाही. पण माझा आकार ठरला तो आर्वीच्या एका दवाखान्यात. तिथल्या बाईंनी रोहण्याच्या महादेवरावांच्या उजव्या कानात गुलाबी मऊ लगदा भरला, तो वाळू दिला आणि हलकेच ओढून काढला. त्या साच्यावरून मी घडले. म्हणून तर सांगते, एवढ्या मोठ्या जगात माझ्या मापाचा कान एकच.

महादेवराव शेतकरी. कपाशी, तूर, गोठ्यात दोन गाई. पण माणसाचा खरा जीव कीर्तनात. गावातल्या देवळात कीर्तन असलं की हे सगळ्यांच्या आधी जाऊन महाराजांच्या पायाशी, पहिल्या रांगेत बसायचे. कान जायला लागले तरी जागा सोडली नाही. महाराजांच्या ओठांकडे बघत बसायचे. ओठ हलले की हसायचे, महाराजांचे डोळे भरले की यांचेही भरायचे. असं ओठांवरून बोलणं ओळखायला ते केव्हा शिकले, ते घरच्यांनाही कळलं नाही.

मग मी आले. पहिल्याच कीर्तनात टाळ वाजला आणि महादेवरावांनी माझ्यावर हात दाबून धरला, जणू मी उडून जाईन. पलीकडे खंजेरी बोलू लागली. महाराजांनी अभंग धरला, मग निरूपण, मग आख्यान. महादेवराव रडत होते की हसत होते ते मला सांगता येणार नाही, कारण मी स्वतःच पहिल्यांदा ऐकत होते. तेव्हापासून मीही कीर्तनवेडी झाले, मित्रांनो. एका कानात बसून सहा वर्षं ऐकलं, दुसऱ्या कानानं सोडलं नाही.

माझ्यात एक खोड मात्र आहे. मी सुरू असताना मला मुठीत धरलं, कापडात घट्ट आवळलं, की माझाच आवाज माझ्यात शिरतो आणि मी शीळ घालते. चीं-चीं-चीं. महादेवराव ऐन रंगात हातावर डोकं टेकवून बसले की मी सुरू! सगळं देऊळ मागे वळून बघायचं. किराणा दुकानवाले हिरालालशेठ त्यांचे कीर्तनातले सोबती. ते मोठ्यानं म्हणायचे, "अरे भाई महादेवराव, कानात चिमणी पाळली का? तिले दाणे टाका, नाईतर बाहेर सोडा!" लोक हसायचे. मी लाजून चूर व्हायचे. वाटायचं, या खोडीपायी एक दिवस मला फेकून देतील.

आता कीर्तनकार जसे पूर्वरंग आटोपून मुख्य कथेला हात घालतात, तशी मीही गोष्टीवर येते.

गेल्या वर्षी महादेवरावांच्या छातीत दुखू लागलं. तपासण्या झाल्या आणि वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात बायपास करायचं ठरलं. सोमवारी, ऑपरेशनच्या सकाळी अंगावरचं सगळं उतरवायला सांगितलं. गळ्यातली माळ निघाली, करदोटा निघाला, मी निघाले. त्यांचा मुलगा मुकेश, त्यानं मला रुमालात घेऊन आईच्या, म्हणजे भागीरथाबाईंच्या हातात दिलं. मला बंद करायला बॅटरीचं झाकण उघडावं लागतं. ते त्याला माहीत नव्हतं. मी सुरूच राहिले.

ऑपरेशन चांगलं झालं. तिथं घरच्या एकालाच थांबता येत होतं, म्हणून मुकेश थांबला आणि भागीरथाबाई गाईंसाठी गावी परतल्या. घरी येताच त्यांनी हातपाय धुतले, देवापुढे तांब्याचं ताम्हण ठेवलं, त्यात मला ठेवलं आणि हात जोडले.

"देवा, याईचं ऐकणं तुह्यापाशी ठेवून राह्यली. याईले सुखरूप घरी आणजो. घरी आले का मंग मीच आपल्या हातानं याईच्या कानात घालीन. तोवर याले कोणी हात नाई लावणार."

मित्रांनो, त्या बाईची भक्ती खोटी नव्हती. मी ती सहा वर्षं ऐकली होती. पण ताम्हणात पडल्या पडल्या मला वाटलं, अगं माय, मी तर त्यांच्या कानाला हवी होते, देवाला माझी काय गरज? देवाला सगळंच ऐकू येतं.

मंगळवारी मुकेशचा फोन आला, बाबा शुद्धीवर आहेत म्हणून. बुधवारी दुपारी पुन्हा फोन आला. भागीरथाबाईंनी तो देवघरातच मोठ्या आवाजात लावला, म्हणून मीही ऐकला.

"आई, बाबाचं काही खरं नाई दिसत. नळ्या ओढून राह्यले. मले वयखत नाई. मले म्हनते, 'तू कोन? दरवाजा सोड.' आई, माह्या हाताले चावले बाबा!"

मी ताम्हणात होते तिथं थिजले. चावले? जो माणूस बैलालाही 'बापा, जरा सरक' म्हणतो, तो पोराला चावला?

"सिस्टर म्हनते, असं होते मोठ्या ऑपरेशननंतर, याले भ्रम म्हनतात, जाईल म्हनते. त्या मशीन मागून राह्यल्या. मी उद्या नेतो येऊन."

"नाई," भागीरथाबाई म्हणाल्या. "नवस हाय. देवापुढून उचलायची नाई."

"आई, अवं..."

"तुले बाप पाह्यजे का नाई पाह्यजे? मंग देवाले खोटं नोको पाडू."

मुकेशनं फोन ठेवला. पुढे काय झालं ते मला नंतर कळलं. 'आईनं मशीन देवाला वाहिली' असं शिकल्यासवरल्या लोकांपुढे सांगायची त्याला लाज वाटली. त्यानं सिस्टरांना सांगून टाकलं, "मशीन हरवली."

गुरुवारी हिरालालशेठ आपली गाडी घेऊन आले. गाई शेजाऱ्यांवर सोपवून भागीरथाबाई निघाल्या खऱ्या, पण घरी देवापुढे दिवा लावायला कोण? माझी पूजा चुकायला नको. म्हणून देवाची माफी मागून त्यांनी मला उचललं, पदराच्या टोकाला गाठ मारून आत बांधलं आणि गाठीलाच कुंकू लावलं. वाटेभर हिरालालशेठ सांगत होते, "भाभी, ये बीमारी नाई. महादेवरावले बाहेरची हवा लागली. मी अंगारा आणला हाय, चुपचाप उशीखाली ठेवून द्या." भागीरथाबाई हुं हुं करत होत्या. त्यांचा हात सारखा गाठीवर होता; माझी बारीक शीळ गाडीच्या घरघरीत विरून गेली.

दवाखान्यात आम्हांला भेटल्या त्या प्रेरणा सिस्टर. देवळीच्या. बोलणं शांत, पण पाऊल भरभर. त्यांनी आधी भागीरथाबाईंना बाकावर बसवून पाणी दिलं.

"काकू, आत गेल्यावर घाबरू नका. काकाजी पागल झाले नाहीत. हृदयाच्या ऑपरेशननंतर कितीतरी म्हाताऱ्या माणसांना असं होतं. झोप मोडते, दुखतं, औषधं असतात, दिवस की रात्र कळत नाही, ओळखीचं कोणी दिसत नाही. मेंदू गोंधळतो. बहुतेकांचा हळूहळू निवळतोही. पण आज एक अडचण आहे. ते छातीतल्या नळीला हात घालतात. ती निसटली तर जिवावर बेतेल. डॉक्टर म्हणतात, आता पुन्हा हात घातला तर हात बांधावे लागतील, झोपेचं औषध द्यावं लागेल. त्यानं हा भ्रम आणखी वाढूही शकतो. मी त्यांना अर्धा तास मागून घेतला आहे. तुमचा चेहरा, तुमचा आवाज कामी येतो का पाहू."

हिरालालशेठनी अंगाऱ्याची पुडी पुढे केली. सिस्टर म्हणाल्या, "शेठजी, तुमची श्रद्धा तुमच्या खिशात सुखरूप राहू द्या. आत राख नको, जखम ताजी आहे."

भागीरथाबाईंना हिरवा झगा चढवला, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. झग्याखाली मी पदरासकट झाकली गेले. आणि मुकेशसोबत आम्ही आत गेलो.

मित्रांनो, तिथं मी जे ऐकलं ते कोणत्याही कीर्तनात ऐकलं नव्हतं.

"सोडा मले! मले जाऊ द्या!" तो आवाज महादेवरावांचा होता. फाटका, घोगरा. "तिकडे मयत उचलून राह्यले अन् मले इथं डांबून ठेवलं! भागीरथा गेली. मले सांगत नाई कोनी. सारे जन तोंड लपवता. घरात कोनी गेलं का लोक असेच करते, कुजबुज करते. मी काय लहान हाय का?"

भागीरथाबाई खाटेला धरून उभ्या राहिल्या. "अवो, मी हाय नं. मी भागीरथा."

त्यांनी पाहिलं. त्यांच्यापुढे एक हिरवा झगा होता, एक टोपी, एक कापड बांधलेलं तोंड.

"बाई," ते हात जोडून म्हणाले, "तुमी तरी सांगा. माही बायको कवा गेली?"

मी हादरले. आणि त्याच क्षणी मला सगळं उमगलं. वर्षानुवर्षं ज्या ओठांवरून ते जग वाचत होते, ते सगळे ओठ इथं कापडाआड होते. माणसं येत होती, डोळे बारीक करत होती, कापड हलत होतं, आवाज नव्हता. एका आजारी, थकलेल्या मेंदूनं त्या शांततेचा अर्थ लावला होता. आणि अर्थ लागला तो हा!

प्रेरणा सिस्टरांनी काय केलं नव्हतं? भिंतीवर मोठं घड्याळ होतं, तारीख होती, खाट खिडकीकडे वळवलेली होती. मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद होता. महादेवरावांनी तो ढकलून दिला होता, अक्षरांच्या मुंग्या होतात म्हणून. सिस्टर त्यांचा हात हातात घेऊन तपासणी करायच्या. त्या एकेक अक्षर म्हणणार, आणि 'अ' ऐकला की काकाजींनी हात दाबायचा. त्यांनी एकदाही दाबला नव्हता. "आता हे भ्रमामुळे की ऐकू न आल्यामुळे, सांगणार कसं?" त्या मुकेशला म्हणाल्या. मुकेशनं मान खाली घातली.

आणि मी कुठं होते? त्या कानापासून एका हाताच्या अंतरावर. गाठीत.

महादेवरावांचा हात चादरीखाली सरकला. नळीकडे.

मी काय करू शकत होते? मला हात नाहीत, पाय नाहीत. मला येते ती एकच गोष्ट, जिच्यासाठी मी सहा वर्षं बोलणी खाल्ली. भागीरथाबाई घाबरून खाटेवर वाकल्या, झगा आवळला गेला, गाठ त्यांच्या पोटाशी दाबली गेली. आणि मी शीळ घातली.

चीं-चीं-चीं!

प्रेरणा सिस्टरांनी चटकन हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या पडद्याकडे पाहिलं. सगळं ठीक होतं. सलाईनच्या यंत्राकडे पाहिलं. तेही ठीक. मग त्या थांबल्या, एक कान पुढे करून हळूहळू वळल्या आणि भागीरथाबाईंच्या पोटाशी येऊन थबकल्या.

"काकू, तुमच्या झग्यात काय वाजतं?"

भागीरथाबाईंनी दोन्ही हातांनी गाठ घट्ट धरली. मी आणखी जोरात वाजले.

"मुकेशभाऊ," सिस्टर मागे न पाहताच म्हणाल्या, "तुमची हरवलेली मशीन आईच्या पदरात गाऊन राह्यली."

मुकेशनं तोंडावर हात ठेवला. "सिस्टर, माफ करा. नवस होता. मले सांगायची लाज वाटली."

सिस्टर रागावल्या असतील का? असतील. पण आवाज चढला नाही. त्यांनी महादेवरावांचा नळीकडे गेलेला हात आपल्या हातात घेतला, त्यात एक मऊ घडी केलेला टॉवेल दिला, आणि म्हणाल्या, "काकू, मी देवाच्या आड येत नाही. पण अर्ध्या तासातली दहा मिनिटं उरली आहेत."

"घरी गेल्याबिगर नाई देत," भागीरथाबाई रडत म्हणाल्या. "देव कोपला तं? मंग मी कोनाले तोंड दाखवू?"

तेवढ्यात महादेवराव शांत झाले. आरडाओरड थांबली, आणि ती शांतता मला त्या ओरडण्याहून भयंकर वाटली. छताकडे बघत ते हळू आवाजात बोलू लागले.

"तिच्या मयतीले खंजेरीवाल्याईले बोलावजा. तिले भजनाचा लय नाद होता. मी कीर्तनाले जाओ, ती घरी राहे, गाई पाहे. मी आलो का म्हने, सांगा मले आज काय झालं. मी सारं सांगो. मले तं अर्धंच ऐकू ये. बाकीचं मी मनानंच सांगो. तिले समजे. पन कधी बोलली नाई."

भागीरथाबाईंच्या हाताची पकड सुटली.

"देवा," त्या म्हणाल्या, आणि तो आवाज मी कधी विसरणार नाही, "तुले कोपाचं तं माह्यावर कोप. पन जितेपनी माही मयत मी नाई पाहत."

त्यांनी झगा वर केला, पदर ओढून काढला. गाठ घट्ट बसली होती. मास्क खाली सारून त्यांनी ती दातांनी सोडली. मी बाहेर पडले. कुंकवानं माखलेली, जास्वंदीची पाकळी चिकटलेली. सिस्टरांनी मला कोरड्या जाळीच्या कापडानं पुसलं, बारीक ब्रशनं कडा झाडल्या, उजेडात धरून भोक मोकळं आहे ना ते पाहिलं. भागीरथाबाईंना हात धुवायला लावले, नवा मास्क दिला. मग मला त्यांच्याच तळहातावर ठेवलं.

"तुम्हीच घाला काकू. मी घातली तर ते घाबरतील."

जगातल्या माझ्या मापाच्या एकुलत्या कानात मी पुन्हा बसले. भागीरथाबाई जवळ आल्या.

"अवो. ऐकता का? भागीरथा बोलून राह्यली."

महादेवराव दचकले.

"मी नाई मेली. सकाळी गायी दोहल्या, वांग्याची भाजी टाकली, हिरालालभाऊच्या गाडीत बसून इथवर आली. अन् तुमी इथं माही मयत उरकून राह्यले? काऊन, दुसरी करायची हाय का?"

महादेवरावांनी मोकळ्या हातानं त्यांच्या झग्याची बाही धरली. मग महादेवरावांचे ओठ हलले.

"भाजीत मीठ... कमी टाकलं नं? डॉक्टर नाई म्हनते."

टॉवेल धरलेला हात सैल पडला. मुकेश भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. बाहेरच्या काचेपलीकडून हिरालालशेठ डोळे पुसत होते. हात बांधायच्या पट्ट्या सिस्टरांनी उचलून कपाटात परत ठेवल्या.

मित्रांनो, मी तुम्हांला चमत्कार सांगत नाही. भ्रम एका क्षणात गेला नाही. त्याच संध्याकाळी महादेवरावांना भिंतीवर मुंग्यांची रांग दिसली. सिस्टरांनी 'मुंग्या नाहीत' म्हणून वाद घातला नाही, की 'हो, आहेत' म्हणून खोटंही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "मला दिसत नाहीत काकाजी, पण तुम्हांला भीती वाटते ना, मी इथंच आहे." दर वेळी त्या आपलं नाव सांगायच्या, वार सांगायच्या, गाव सांगायच्या. दुखतं का, शौचाला झालं का, तहान लागली का, हे विचारायच्या, कारण भ्रमातल्या माणसाला ते सांगता येत नाही. लघवीची नळी लवकर काढली. सकाळी ऊन आलं की धरून खुर्चीत बसवलं, पुढे चार पावलं चालवलं. झोपेच्या वेळी दिवे मंद केले, ज्या कामासाठी तीनदा उठवायचं ते एकदाच उरकलं, आणि मला काढून, झाकण उघडून, नाव लिहिलेल्या डबीत उशाशीच ठेवलं. दिवसा भागीरथाबाई शेजारी बसून हळू आवाजात देवाचं नाव घ्यायच्या. तेवढंच. एकच आवाज, ओळखीचा.

शनिवारी सिस्टरांनी पुन्हा हात हातात घेतला आणि अक्षरं म्हणायला सुरुवात केली. 'अ' आला की महादेवराव हात दाबत. प्रत्येक वेळी बरोबर. शेवटी म्हणाले, "बाई, हा खेळ आता बंद करा. माहे बोटं दुखून राह्यले."

सिस्टर पहिल्यांदाच खळखळून हसल्या.

मुकेशच्या हातावर दातांची खूण होती. ती पाहून महादेवरावांनी विचारलं, "हे काय झालं?" मुकेश म्हणाला, "खिळा लागला बाबा." पोरगा पुन्हा खोटं बोलला, पण या खोट्याला मी काही म्हणणार नाही.

दहाव्या दिवशी आम्ही रोहण्याला आलो. हिरालालशेठ ओट्यावर बसले होते. म्हणाले, "भाई, तुमच्या त्या चिमणीले मी आता कधी काही बोलनार नाई." घरात शिरताच भागीरथाबाईंनी महादेवरावांना देवापुढे पाटावर बसवलं. दिवा लावला. त्यांच्या कानातून मला काढलं, ताम्हणाला टेकवलं, आणि आपल्या हातानं परत कानात घातलं.

"घे देवा. घरी आले, घातली. मधात एकदा घाई केली. कोपला असशील तं सांगजो."

आणि त्या गप्प उभ्या राहिल्या. मीही सगळा जीव एकवटून ऐकलं. वात चुरचुरली. गोठ्यात गाय हंबरली. दुसरं काही नाही.

"काऊन गप्प?" महादेवरावांनी विचारलं.

"ऐकून राह्यली," भागीरथाबाई म्हणाल्या. मग डोळे पुसून उठल्या. "काही नाई म्हनत. चाला, जेवा."

माझ्या सांध्यात अजून कुंकवाचा एक कण अडकून आहे. ब्रशानंही तो निघाला नाही. मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी म्हातारं माणूस दवाखान्यात गेलं, तर त्याचा चष्मा, त्याची कवळी, त्याच्या कानाची मशीन सांभाळून ठेवा. पण शुद्धीवर आल्यावर सिस्टरांना विचारून ते सगळं आधी त्याला द्या. ते काही विचित्र बोलू लागलं तर हसू नका, भिऊ नका, लपवू नका. त्याचा हात धरा आणि आपलं नाव सांगा. देवापुढे फूल ठेवा, दिवा ठेवा. माझी पूजा मात्र करू नका. मला कानात घाला.